हौद्याचं अस्तर, सहावी नोंद: उजव्या कोपऱ्यातलं सालपट

परवा माझ्या पिकअपच्या मागच्या हौद्यातून खोरं उतरवताना त्याची कड पुढच्या उजव्या कोपऱ्याला घासली आणि तिथला संरक्षक कोट नखाएवढा उचलला. दाबून बसवावा म्हणून बोट लावलं, तर कड आणखी सुटली. हलकेच ओढलं आणि तळहाताएवढं सालपट अखंड हातात आलं. कोट लावून सव्वा महिना झाला होता. मागच्या नोंदीत याच कोपऱ्याचा फोटो टाकून मी लिहिलं होतं की आता कार्पेट काढते आणि उरलेला हौदाही असाच करते. ते काम तूर्त थांबवलं आहे.

हौद्याला कार्पेट बरं की कोट, हे पाहायच्या निम्म्या-निम्म्या प्रयोगाची मांडणी तीच आहे. पुढच्या अर्ध्यात, दोन्ही भिंतींसकट, रोलरने लावलेला दोन भागांचा (मूळ द्रव आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर) पॉलियुरेथेन कोट. मागच्या अर्ध्यात फोमची पाठ असलेलं पॉलिप्रॉपिलिनचं कार्पेट, हुक-लूप (वेल्क्रोसारख्या) पट्ट्यांवर. फाळक्यावर पहिल्या चाचणीचा जुना कोट. कार्पेटबद्दल बरंच सांगायचं आहे, पण गेले दोन दिवस डोक्यात फक्त हा कोपरा आहे.

पहिला संशय अर्थातच घासण्यावर गेला. हौद्याचा पत्रा पन्हळी असतो आणि पन्हळीच्या खोलीत पॉलिश पेपर नीट पोचत नाही, कोपऱ्यात तर नाहीच. या कोटाची पकड मुख्यतः ओरखड्यांवर असते. कंपनीचा चकचकीत रंग तसाच राहिला, तर कोट नुसता वर बसतो. म्हणून सालपट उलटं करून टॉर्चच्या तिरक्या उजेडात धरलं. मला काचेसारखी गुळगुळीत पाठ दिसेल असं वाटलं होतं. दिसल्या त्या बारीक रेघा. १८० नंबरच्या पेपरने मी काढलेले ओरखडे, आडवे आणि तिरपे, जसेच्या तसे सालपटाच्या पाठीवर उमटले होते. म्हणजे घासणं झालं होतं आणि कोट त्या प्रत्येक ओरखड्यात उतरलाही होता. आणि तरीही साच्यातून काढावा तसा सुटून आला.

हा "साचा" शब्द मनात आला तिथेच खरं तर उत्तर होतं. पण मी आणखी दीड दिवस दुसरीकडे शोधत राहिले.

दुसरा संशय दमटपणावर. हार्डनरमधलं रसायन, आयसोसायनेट, पाण्याशी जुळलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कोटाच्या आत बुडबुडे राहतात. रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा सकाळी हवेपेक्षा गार असतो, हेही आपण चौथ्या नोंदीखाली बोललो आहोत. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं ते, २१ अंशांच्या आसपास येतो. पत्रा त्याहून किमान ३ अंश जास्त गरम असायला लागतो. माझी त्या दिवशीची वही काढली: पत्रा २९ अंश, आर्द्रता ५५ टक्के. सालपट ब्लेडने कापून भिंगाखाली धरलं. छेद एकसंध, एकही पोकळी नाही. फाळक्यावरच्या जुन्या कोटात मात्र टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत, कारण तो मी घाईने सकाळी सातला लावला होता. गंमत म्हणजे तो भोकं असलेला कोट घट्ट चिकटून आहे.

तिसरा संशय मिश्रणावर. हार्डनर कमी पडलं असतं, तर कोट सगळीकडे मऊ राहिला असता. पण मधल्या तळावर नख उमटत नाही. मग नुसत्या तर्काचा नाद सोडला आणि नकाशा काढायचं ठरवलं.

एएसटीएम डी ३३५९ या, कोटाची पकड टेपने तपासायच्या मानकातली पहिली पद्धत १२५ मायक्रॉनहून जाड थरांसाठी आहे: धारदार ब्लेडने पत्र्यापर्यंत फुली मारायची, टेप दाबायची, ओढायची. माझ्या खडबडीत कोटावर टेप नीट बसत नाही. म्हणून फुलीच्या मधोमध सुरीचं टोक घालून कोट उचकटता येतो का, ते पाहिलं. तळ, दोन्ही भिंती, पुढची भिंत आणि चाकांच्या कमानी मिळून १६ जागा. चांगल्या कोटाला भोकं पाडताना जीव तुटत होता, पण दुसरा मार्ग दिसेना.

तळावरच्या सगळ्या फुल्या पास. कमानीही पास. नापास झालेल्या पाचही जागा एकाच रांगेत आल्या: वरच्या कडेखाली साधारण १५ सेंटीमीटरची पट्टी, उजव्या भिंतीवर सलग, डावीकडे तुटक, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात ती पट्टी ओघळासारखी खाली उतरते. दमटपणा असा रांगेत येत नाही, मिश्रणातली चूकही नाही. हे वरून काहीतरी वाहत आलेलं होतं.

मागचा अर्धा भाग अजून मूळ रंगातच आहे, हे नशीब. तिथे कार्पेट उचलून, भिंत साबणाने धुऊन, त्यावर स्वच्छ पाणी सोडलं. स्वच्छ पृष्ठभागावर पाण्याचा सलग पडदा राहतो. खाली तेल, मेण किंवा सिलिकॉन असेल, तर पडदा फाटतो आणि थेंब गोळा होतात. भिंतीच्या खालच्या भागात पडदा सलग होता. वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये टपोरे थेंब. हुबेहूब तीच पट्टी.

आणि मग आठवलं. पहिल्या नोंदीत ज्या आयत्या प्लास्टिक लायनरला (हौद्यात आधी बसवलेल्या अस्तराला) मी शिव्या दिल्या होत्या, त्याच्या वरच्या काठाला मी कित्येक वर्षं डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे मारत होते, उन्हाने पांढरा पडू नये म्हणून. तो सिलिकॉनचा असतो. काठावरून तो लायनरच्या मागे उतरला आणि लायनर व पत्रा यांच्या फटीत पसरत गेला. गाडी नेहमी उजवीकडे थोडी कलती उभी असते, म्हणून उजवा कोपरा सगळ्यात वाईट. लायनर अजून मागे ठेवलेलाच आहे. त्याच्या काठाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं, तर आजही बोट घसरतं. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून सिलिकॉनच लावतात! मी माझ्याच हौद्याला ते लावलं आणि वर कोट ओतला.

पण मी तर थिनरने पुसलं होतं. हो, पण क्रम चुकला. आधी घासलं, मग पुसलं. आधी घासलं की सिलिकॉन ओरखड्यांच्या तळाशी चोळलं जातं आणि तिथून ते निघता निघत नाही. शिवाय एकच फडकं सगळीकडे फिरवलं, म्हणजे जिथे नव्हतं तिथेही नेलं. किट विकणाऱ्याने फोनवर "थिनर मारा आणि लावा" एवढंच सांगितलं होतं. किटच्या कागदावर मात्र आधी मेण-तेल काढा, मग घासा, मग पुन्हा पुसा असा क्रम स्पष्ट छापला आहे. तो कागद वाचल्याशिवाय डबा उघडू नका, अगदी दहावं किट असलं तरी.

आता करते आहे ते असं. दोन फडकी. एक मेण-तेल काढायच्या सॉल्व्हंटने ओलं, दुसरं कोरडं. ओल्याने हातभर जागा पुसायची आणि ते उडून जायच्या आत कोरड्याने टिपायची. उडून गेलं, तर विरघळलेलं सिलिकॉन तिथेच परत बसतं. अ‍ॅसिटोन याच कारणाने मी बाजूला ठेवलं, ते फार लवकर उडतं. दर हातभर जागेनंतर फडक्याची घडी बदलायची, चार घड्या झाल्या की फडकं टाकायचं. मग पाण्याची चाचणी. पडदा सलग राहिला तरच पेपर हातात घ्यायचा.

सुटलेला कोट काढायला स्क्रेपर वापरते आहे. हीटगनने झटपट निघेल हे माहीत आहे, पण पॉलियुरेथेन तापवलं की त्यातून आयसोसायनेट पुन्हा बाहेर येऊ शकतं. त्याची अ‍ॅलर्जी एकदा शरीराला जडली की जन्मभराची, आणि नंतर किंचित संपर्कानेही दमा उठतो. वासावर अजिबात जाऊ नका; वास येत नाही म्हणून हवा स्वच्छ असते असं नाही. गनने फवारायचं, तर बाहेरची हवा पुरवणारा मास्क हवा. तो माझ्याकडे नाही, म्हणून मी रोलरवर आहे. रोलरचा पोत गनइतका एकसारखा येत नाही हे मान्य. मला चालतो.

या सगळ्यात एक गोष्ट मनापासून सुखावणारी सापडली. दुसऱ्या नोंदीतला हौद्याचा तो गंजलेला बोल्ट आठवतो? त्याच्याभोवती गंज पूर्ण काढून, उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर (कोटाखालचा पकड देणारा थर) मारून, मग कोट दिला होता. तिथेही फुली मारली. सुरीने उचकटलं, पटाशी लावली. कोट स्वतःच तुकड्यांत फाटला, पण प्रायमरपासून सुटला नाही. फाटलेल्या जागी खाली काळा थर शिल्लक होता. पकड थरापेक्षा बळकट निघाली, याहून चांगला निकाल नसतो. मी तो तुकडा काचेच्या बरणीत ठेवला आहे.

तिथला गंज काढताना ग्राइंडरवरचा तारेचा कप मी वापरला नव्हता, तेही बरं झालं. तारेने पत्रा चमकतो, स्वच्छ वाटतो, पण प्रत्यक्षात तो घोटला जातो आणि ओरखडे पुसट होतात. ८० नंबरची डिस्क किंवा सँडब्लास्ट, मग इपॉक्सी. आणि इपॉक्सीखाली अ‍ॅसिडने पत्रा किंचित खरवडणारा 'एच' (etch) प्रायमर नको, दोघांचं जमत नाही.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. आधी ठरवलं होतं की भिंती साफ करायच्या, घासायच्या आणि थेट कोट द्यायचा. पण माझ्या कोटात रबराचे कण आहेत, तो घट्ट आहे, खाली सिलिकॉन असलं तरी वर काहीच दिसत नाही. पातळ प्रायमर असं लपवत नाही. सिलिकॉनच्या ठिपक्यावरून तो लगेच मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणजे भिंतींवर आधी इपॉक्सीचा एक पातळ हात दिला, तर पकडही मिळेल आणि राहिलेली घाण कुठे आहे तेही तोच दाखवील. खड्डा दिसला, तर तेवढा भाग ओला असतानाच पुसून टाकता येतो. कोट मात्र प्रायमरच्या ठरलेल्या तासांच्या आत द्यायला हवा, नाहीतर तोही घासावा लागेल. म्हणजे एक दिवस वाढला. चालेल.

काही जणांनी विचारलं होतं की सरळ दुकानात जाऊन गरम फवारणीचं अस्तर का करून घेत नाही. तिथे दोन्ही भाग तापवून उच्च दाबाने गनच्या तोंडाशीच मिसळतात. काही सेकंदांत थर बसतो, त्यामुळे उभ्या भिंतीवरही दोन-तीन मिलिमीटर जाडी न ओघळता मिळते. रोलरने ते शक्य नाही. पण ही सिलिकॉनची पट्टी त्या थराखालीही अशीच राहिली असती. जाणारच असाल तर रंगाआधी तयारी कशी करतात ते विचारा, आणि पाणी जायची भोकं व हुकांच्या बोल्टचे आटे झाकतात का, तेही.

आता कार्पेट. वस्तूंना ओरखडा नाही, गुडघे टेकून आत शिरायला सुख, आणि पाण्याची भीती खोटी: पॉलिप्रॉपिलिनचा धागा पाणी पीत नाही, बंद पेशींचा फोमही नाही. झाडून, धुऊन, उभं करून ठेवलं की वाळतं. खोऱ्याने वाळू ओढायची, तर मात्र ते नकोच. भुसा तर हाताने वेचावा लागतो. पण माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो कार्पेट उचलल्यावरच दिसला. हुक-लूप पट्ट्यांच्या मधल्या जागेत बारीक रेती शिरली होती, आणि गाडीच्या थरथरीने तिने पन्हळीच्या माथ्यांवरचा रंग मंद केला होता. अजून पत्रा उघडा पडलेला नाही. पण प्लास्टिक लायनरने माझा हौदा असाच खाल्ला होता, फक्त वर्षं जास्त घेतली.

म्हणून "कार्पेट की कोट" हा प्रश्न मी पाच नोंदी चुकीचा मांडत होते असं आता वाटतं. पत्र्याचं रक्षण कोटाने करायचं, कार्पेटने सामानाचं आणि गुडघ्यांचं. पूर्ण हौद्याला कोट, आणि तळापुरता कार्पेटचा सुटा तुकडा, लागेल तेव्हा अंथरायचा. रेती घासलीच, तर कोटाला घासेल. कोटाच्या खडबडीत पोतामुळे खाली हवाही खेळेल. अडचण एकच: त्या पोतावर हुक-लूप पट्टी चिकटत नाही. काल रात्री ठरवलं होतं की कार्पेटच्या कडांना पितळी आयलेट ठोकून हौद्याच्या हुकांना बांधायचं. आज वाटतंय, कमानींच्या मधे अगदी तंग बसेल असं कापलं आणि फाळक्याकडच्या कडेला जड रबराची पट्टी शिवली, तर बांधावंच लागणार नाही. कोणी असं केलं असेल, तर वाऱ्याने कड उचलते का ते सांगा.

आज संध्याकाळची स्थिती: डाव्या भिंतीवर दोनदा पुसल्यावर पाण्याचा पडदा वरपासून खालपर्यंत सलग. उजव्या भिंतीवर चौथ्यांदा पुसून झालं, कोपऱ्यात कडेखाली चार बोटं जागेत अजून थेंब धरतात. फडकी संपली आहेत. उद्या नवी आणून पाचव्यांदा.