रुमालातला कुंदा

आमच्या बेळगावात पाहुण्याला एक वेळ पाणी द्यायचं विसरतील, कुंदा नाही. दूध आटवून, साखरेसकट तांबूस होईपर्यंत परतलेला तो रवाळ ऐवज समोर आल्यावर जो नको म्हणतो तो एक तर आजारी असतो, नाहीतर रुसलेला. मी आजारी होतो आणि लोक मला रुसलेला समजत होते.

चार वर्षं शुगर लपवली. गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. कारणं तयार असायची : संकष्टी, दाढदुखी, आत्ताच खाऊन आलो. एका महिन्यात तीन संकष्ट्या झाल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवलं. मग रुमालाची युक्ती सुचली. शहापुरात एका साखरपुड्याला (नावातच साखर, आम्ही जायचं कुठं?) घास तोंडाशी नेल्यासारखा केला आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी खुंटीवरच्या शर्टाला मुंग्यांची रांग! बायको ती रांग बघत उभी राहिली आणि वळून म्हणाली, "तुम्हाला शुगर हाय न्हवं?" पूर्वीचे वैद्य लघवीला मुंग्या लागतात का ते बघून मधुमेह ओळखायचे म्हणतात. माझं निदान शर्टावर झालं.

घरात कळलं. गावात कळलं ते अनंत चतुर्दशीला. आमची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. जेवणाआधीची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि जेवण ढोल-ताशात राहून गेलं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे का, ते ती विचारत नाही; नसलं तर रक्तातली साखर घसरते. कपिलेश्वर तलावाजवळ पोचेतोवर हात थरथरायला लागले, शर्ट चिंब, कपाळावरचा गुलाल घामाबरोबर डोळ्यांत. मंडळातलं एक पोरगं म्हणालं, "मामा, जरा जास्त झाली काय?"

मी जीव एकवटून म्हणालो, "मला शुगर हाय. साखर दे!"

तिथंच सभा भरली. "शुगर हाय म्हणतोय आणि साखर मागतोय!" "देऊ नका बे, आणि वाढंल!" एकानं कारल्याचा रस सुचवला, तोही त्या वेळी, तलावाच्या काठावर. साखर ७०च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, लगेच पोटात जायला हवी, हे व्याख्यान देण्याइतकी जीभ माझ्या ताब्यात नव्हती. प्रसाद वाटणाऱ्या एका अक्कांनी गर्दीत हात घातला. "सक्री कोड्री, सक्री!" म्हणून कानडीत ओरडल्या आणि पेल्यात साखर ढवळून माझ्या तोंडाला लावली. त्यांच्या मालकांना दहा वर्षं शुगर. दहा-पंधरा मिनिटांनी मला ढोल पुन्हा ढोलासारखा ऐकू यायला लागला.

त्या रात्रीनंतर मला शुगर असल्याचं माहीत नाही असा माणूस गल्लीत उरला नाही. खानापूरच्या मेहुण्यानं जांभळाच्या बियांची पूड डबाभर पाठवली. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्यापाशी आला की चार जण एकदम "त्यांना भात कमी" म्हणतात. आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी! एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे मार्क विचारावेत तशी विचारतात. ७.२ म्हटलं की, "पुढच्या खेपेला सहावर आणा की." एवढी एकच परीक्षा, जिथं मार्क कमी पडले की शाबासकी.

सांगून टाकल्यावर मन हलकं वगैरे काही झालं नाही. रुमाल धुवायचा तेवढा वाचला.

गेल्या महिन्यात टिळकवाडीत एका बारशाला कुंद्याचं ताट फिरत आलं. "मला शुगर हाय, नको," मी खणखणीत सांगितलं. शेजारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. ते कानाशी वाकले.

"किती हाय?"

"सात पॉइंट दोन."

"माझी नऊ," ते कुजबुजले. "घरात कुणाला म्हाईत न्हाई हं."

त्यांच्या खिशावर तुपकट डाग हळूहळू पसरत होता.