पाण्याच्या वेळा

सोमवार, रात्री

शाळा सुटली तेव्हा खाडीत चिखल होता. धाकट्याने दप्तर दारात टाकलं, लाइफ जॅकेट चढवलं आणि पळाला. थोड्या वेळाने मांड्यांपर्यंत काळा गाळ माखून परत आला. रॅम्प, म्हणजे होड्या पाण्यात सोडायचा उतार, संपतो तिथून पुढे लांबवर नुसता गाळ, त्यात होड्या कुशीवर पडलेल्या, आणि मधोमध एक ओहोळ वाहतोय, तेवढंच काय ते पाणी. "बाबा म्हणाला होता, रोज जाता येईल," हे त्याने मला ऐकवलं, कारण बाबा मीटिंगमध्ये होता.

बाबाचं सगळं सेलिंग तलावावर झालेलं. सकाळी जा, संध्याकाळी जा, तलावाचं पाणी जिथल्या तिथे. शिडाच्या होडीचं वेड असलेला माणूस समुद्राकाठी राहायला जाऊ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे फक्त वारा असतो. मी होडीत पाय न ठेवणारी बाई; मी शाळा बघते, दवाखाना बघते, इंटरनेट बघते. होड्यांचा क्लब घरापासून किती लांब, हेही आम्ही बघितलं. पण रॅम्पवर पाणी किती वाजता असतं, हा प्रश्न घर शोधणाऱ्या माणसाला सुचतच नाही. आता मला कुणी विचारलं तर मी तो घरभाड्याच्याही आधी विचारायला सांगेन.

मंगळवार

क्लबातून भरती-ओहोटीची पुस्तिका आणली. आकड्यांचे तक्ते हा माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा जेवणं उरकल्यावर ती घेऊन बसले.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. एवढं शाळेच्या भूगोलात होतं. भूगोलात नव्हतं ते हे: अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाची, म्हणजे सगळ्यांत मोठी, भरती येते, आणि एका ठिकाणी ती दर खेपेला दिवसाच्या जवळजवळ त्याच सुमाराला येते. रोजची ती ५० मिनिटं पंधरवडाभर साठली की बारा तासांचा फेरा पुरा होतो आणि गाडी पुन्हा मूळ वेळेवर. म्हणजे प्रत्येक खाडीचा स्वभाव ठरलेला असतो. आमच्या खाडीत उधाणाची भरती दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला, आणि पार तळ उघडा पाडणारी ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला. शाळा सुटते चारला.

जुने खलाशी यासाठी बारा भागांचा एक हिशेब वापरतात. भरती ते ओहोटी हा सहा तासांचा काळ धरला, तर एकूण चढउताराच्या बारा भागांपैकी पहिल्या तासात एक भाग पाणी उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढउतार ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, पण मधल्या दोन तासांत प्रत्येकी ९०. हा ढोबळ हिशेब आहे, सगळ्या खाड्यांना तंतोतंत लागू पडत नाही. पण मुलाला समजवायला पुरतो. बाराची भरती, चारपर्यंत बारातले नऊ भाग गेले. उरलेल्या तीन भागांत आमचा ओहोळ.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा सगळं उलट: भरती सहाला, शिवाय चढउतार कमी, त्यामुळे चार वाजता रॅम्पवर पाणी. फ्रिजवर महिन्याचा तक्ता चिकटवला, भांगाचे दिवस हिरवे, उधाणाचे लाल. धाकट्याने बघितला आणि म्हणाला, "म्हणजे अर्धा महिनाच?" हो बाबा, अर्धा महिनाच. चंद्राकडे तक्रार कर.

शनिवार

समुद्र दिसणारं घर घेतलं नाही याचं आज पुन्हा समाधान वाटलं. आमचं घर टेकडीच्या मागे, खिडकीतून दिसते ती शेजारच्यांची भिंत. पाहुणे आले की हळहळतात. आज एका ओळखीच्या कुटुंबाकडे गेले होते, अगदी किनाऱ्यावरचं घर. देखावा डोळ्यांचं पारणं फेडणारा, आणि खिडकीची बिजागरी हाताला भुगा होऊन आली. सायकलची साखळी गंजून एकसंध झालेली. स्टेनलेस स्टीलच्या कठड्यावरसुद्धा तांबूस डाग. त्यांना कुणीतरी ३०४ ग्रेडचं स्टील बसवून दिलंय; खाऱ्या हवेत ३१६ लागतं, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. तेही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावंच लागतं. हे ज्ञान मला नवऱ्याने होडीच्या संदर्भात दिलेलं, मी ते खिडक्यांना लावलं.

टेकडीमागे गंज कमी, पण मीठ घरात येतंच. ते येतं कपड्यांतून. समुद्राच्या पाण्यात भिजलेला टॉवेल उन्हात कडकडीत वाळतो, आणि रात्री हात लावला तर पुन्हा दमट. मला आधी वाटलं, धाकटाच चोरून वापरतोय. तो टॉवेल नीट बघितला: उन्हात त्याच्या धाग्यांवर बारीक पांढरे कण चमकतात, संध्याकाळी ते कण नाहीसे होतात आणि कापड जड लागतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. त्यामुळे असा कपडा कितीही वाळवला तरी वाळलेला राहत नाही. तो गोड्या पाण्यातून काढावाच लागतो. आता मागच्या दारात बादली आहे. समुद्रावरून आलेलं काहीही, माणसासकट, बादलीच्या आत येत नाही. या घरात माझी सत्ता चालते अशी ती एकमेव जागा.

मंगळवार

आईंना झोप नाही. (आई म्हणजे सासूबाई. त्या आमच्याबरोबर आल्या त्या "मुलांसाठी", असं त्या म्हणतात. मुलगा त्यात धरलेला नाही.) आमचं घर टेकडीमागे असलं तरी वारा फिरला की होड्या ठेवायच्या जागेवरून टणटण ऐकू येते. शीड वर चढवायचे दोर डोलकाठीवर आपटत राहतात. डोलकाठ्या ॲल्युमिनियमच्या, आतून पोकळ, म्हणून आवाज लांब जातो. रात्रभर, एका लयीतही नाही. आज मी नवऱ्याला दोनदा सांगितलं, मग स्वतःच क्लबात जाऊन विचारलं. उपाय पाच मिनिटांचा निघाला: तो दोर डोलकाठीपासून ओढून बाजूच्या तारेला रबरी पट्ट्याने बांधून टाकायचा. आमच्या होडीचा बांधला. उरलेल्या होड्या ज्याच्या त्याच्या. आईंना मी म्हटलं, आपली आता वाजत नाही. त्या म्हणाल्या, "त्यातली आपली कुठली हे मला कसं कळणार?"

रविवार

आज मुलांचा उलटण्याचा तास होता. खरंच तसा तास असतो. होडी मुद्दाम पालथी घालायची, डॅगरबोर्डवर, म्हणजे तळातून बाहेर आलेल्या फळीवर भार देऊन ती सरळ करायची, आत चढायचं, पाणी उपसायचं. मी जाणारच नव्हते. गेले.

या छोट्या होडीचं नाव ऑप्टिमिस्ट. १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लियरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी प्लायवूडच्या दोन फळ्यांतून बनवता येईल अशी ती आखली. पैसे जास्त नसलेल्या घरातल्या मुलांनाही परवडावी म्हणून. आज जगभरची मुलं पंधराव्या वर्षापर्यंत तिच्यावर शर्यती खेळतात. दिसायला ती होडी कमी आणि आंघोळीचा टब जास्त: पुढून चपटी, लांबी जेमतेम २.३ मीटर. मला ती आवडते, त्यात दिखावा नाही.

धाकटा उलटला, दिसेनासा झाला, होडीच्या पलीकडे वर आला आणि खोकत खोकत हसला. पालथ्या होडीवर चढताना तीनदा घसरला तेव्हा मी बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उमटले. प्रशिक्षक बाई शेजारीच रबरी बोटीत होत्या, त्यांनी हात लावला नाही. बरोबरच होतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, तेही बरोबरच होतं.

लाइफ जॅकेटबद्दल त्यांनी पालकांना सांगितलेली गोष्ट लिहून ठेवते. मुलं शर्यतीत घालतात ते ५० न्यूटनचं. त्याने पोहणाऱ्याला तरंगायला मदत होते, पण बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर करेलच असं नाही. त्यासाठी निदान १०० न्यूटनचं लागतं, खुल्या समुद्रात १५०चं. घरात दोन्ही दिसायला सारखीच टांगलेली असतात. "जॅकेट घातलंय ना" एवढं विचारून भागत नाही, कुठलं घातलंय ते बघायचं.

आईंनी अट घातलीय की आधी पोहणं, मग होडी. क्लबातले एक गृहस्थ गमतीने म्हणाले, अहो, एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, जोशुआ स्लोकम, १८९८ मध्ये ती पुरी करून आला तेव्हा त्याला पोहता येत नव्हतं. आईंनी विचारलं, "मग पुढे काय झालं त्याचं?" पुढे १९०९ मध्ये तो त्याच होडीतून निघाला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. गृहस्थ चहा आणायला गेले.

गुरुवार

थोरलीशी बोलणं झालं, म्हणजे तिने बोलू दिलं. तिला होडीत मळमळतं, तिला इथलं काहीच आवडत नाही, तिच्या मैत्रिणी तिकडे आहेत. बाबाच्या हौसेसाठी माझं आयुष्य का हलवलं, हा तिचा प्रश्न. मी गोलमाल उत्तर दिलं नाही. म्हटलं, हो, त्याच्या हौसेसाठीच. तो तिकडे हळूहळू चिडका होत चालला होता आणि मला इथूनही काम करता येतं, म्हणून मी होकार दिला. तुला विचारलं होतं, पण तुझ्या नकाराने निर्णय बदलणार नव्हता. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, निदान तू खरं सांगितलंस. समेट वगैरे नाही. दार आपटायचं तेवढं राहिलं.

रविवार

शर्यत घेणाऱ्या समितीच्या बोटीवर वेळ बघायला माणूस कमी पडलं म्हणून थोरलीला ओढून नेलं. बोट नांगरून ठेवलेली, तिच्यावर तिला मळमळलं नाही. संध्याकाळी जेवताना ऐकलं ते असं: सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी वर्गाचा, म्हणजे त्या प्रकारच्या होड्यांचा, झेंडा वर, चार मिनिटं आधी तयारीचा, निळा आणि मध्ये पांढरा चौकोन, एक मिनिट राहिलं की तो खाली, आणि शून्याला वर्गाचा झेंडा खाली. भोंगा फक्त लक्ष वेधायला. भोंगा वाजलाच नाही तरी चालतं, वेळ झेंड्याचीच धरतात. "म्हणजे माझा झेंडा उशिरा पडला तर सगळे थांबणार," ती म्हणाली. बाबासकट, हे तिने उच्चारलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

वारा दुपारी दोननंतर बांधून आला. स्वच्छ उन्हाच्या दिवशी हे ठरलेलं: जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची आत येते. सूर्य कलला की खारा वारा पडतो. आज तो जरा जास्तच चढला. लाटांवर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या मोजपट्टीवर ४, वेग ११ ते १६ नॉट (ताशी साधारण २० ते ३० किलोमीटर). वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, म्हणून छोट्यांची शर्यत रद्द केली. धाकटा रडला. नवरा मोठ्यांच्या शर्यतीत खालून दुसरा आला आणि एवढा खूश की मला वाटलं वरून दुसरा.

परतीच्या वाटेवर गाडीत भांडण. धाकटा हल्ली घराच्या बोळातसुद्धा "स्टारबोर्ड!" ओरडत येतो. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला डावीकडून वारा घेणारीने वाट द्यायची असा नियम आहे, आणि याच्या मते याच्यावर वारा कायम उजवीकडूनच असतो. थोरलीने आज त्याला शांतपणे सांगितलं, की निर्णय समितीकडे असतो आणि ती समितीवर आहे.

बुधवार

नवऱ्याला मोठी होडी हवी आहे. झोपायची सोय असलेली, कील, म्हणजे तळाला जड फणा, असलेली, "सगळ्यांना बसता येईल अशी". सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते मी मोजून दाखवलं: आई येणार नाहीत, थोरली नांगरलेल्या बोटीपलीकडे जाणार नाही, मी बादलीच्या अलीकडे. राहिले दोघं, आणि त्या दोघांची होडी आहे.

तो म्हणाला, बंदरात बॉया, म्हणजे होडी बांधून ठेवायचा तरंगता गोळा, मिळायलाच मोठी रांग आहे, निदान नाव तरी घालून ठेवू. मी फॉर्म वाचला. बॉया खोल पाण्यातला असावा की ओहोटीला कोरडा पडणारा चालेल, असा एक रकाना आहे. खोल पाण्याची रांग लांब आणि दर जास्त. कोरडा पडणारा लवकर मिळतो, पण मग ती होडीही आमच्या खाडीच्या तालावर, अर्धा महिना चिखलात, आणि कील असलेली असल्यामुळे तीही कुशीवर. मी 'खोल' वर खूण केली. क्लबातला लिपिक म्हणाला, या रांगेत नंबर लागेतो मुलं नोकरीला लागलेली असतील. मी म्हटलं, चालेल.