पुणे बोर्ड म्हणजे पुणे विद्यापीठ नव्हे

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पडताळणीत सगळा वेळ जातीच्या कागदांवर जात असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. ते कागद झरझर होतात: व्हॅलिडिटी आहे का, नॉन-क्रिमीलेअर पुढच्या 31 मार्चपर्यंत चालतंय का, झालं. गोची होते ती एका साध्या रकान्यात. बारावी कुठल्या जिल्ह्यातून?

या रकान्यावरून 'होम युनिव्हर्सिटी' आपोआप ठरते, म्हणजे कुठल्या विद्यापीठाच्या कॉलेजांत तुम्हाला घरच्यांचा कोटा मिळणार ते. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झाली असेल तर त्यासाठी गाव, रेशनकार्ड, डोमिसाइल काही धरत नाहीत. बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, ते तुमचं घर. हद्दी बोर्डाच्या वेगळ्या, विद्यापीठाच्या वेगळ्या. पुणे विभागीय मंडळात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर. पुणे विद्यापीठात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ, एकाच जिल्ह्याचं.

त्या दिवशी समोर आलेला मुलगा बार्शीत बारावी झालेला. सीईटीचा पर्सेंटाइल चांगला. फॉर्म नेट कॅफेत भरलेला. गुणपत्रिकेवर 'पुणे विभागीय मंडळ' वाचून तिथल्या पोराने जिल्हा पुणे टाकलेला. दर हंगामात हेच. शंभर रुपये घेतात, टीसी उघडून बघत नाहीत. टीसीवर स्पष्ट होतं: तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर.

मी फॉर्म अनलॉक केला, जिल्हा बदलला, पावती नव्याने काढली. होम युनिव्हर्सिटी पुण्याची सोलापूर झाली. अंतिम गुणवत्ता यादी लागायच्या आत हे निस्तरलं तर ठीक. नाहीतर सीट मिळते आणि रिपोर्टिंगच्या टेबलावर रद्द होते.

वडील पावती वाचत होते. त्यांच्या मागे पुतण्या उभा. त्याचीही फाइल माझ्याच टेबलावर आली. गाव तेच, दहावीची शाळा तीच, पर्सेंटाइल चुलत भावापेक्षा जरा कमीच. पण बारावी पुण्याची. कॉलेजात प्रॅक्टिकलपुरता जाणारा आणि बाकी दिवस क्लासला बसणारा, हे त्यानेच हसत सांगितलं. हजेरी तपासणं माझ्या कामात येत नाही. कागद बिनचूक होते. होम युनिव्हर्सिटी पुणे.

"सर, एका घरातली पोरं. एक पुण्याचा अन् एक परका, हे कसं काय?"

मी कागद उलटा करून गणित मांडलं. पुण्यातल्या खाजगी कॉलेजच्या 60 च्या तुकडीत संस्थेचा 20 टक्के कोटा गेला की कॅपला, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांना, 48 जागा. त्यात ऑल इंडियाच्या जागा नसतील, तर 70 टक्के म्हणजे 34 'एच', होम युनिव्हर्सिटीच्या पोरांना. उरलेल्या 14 'ओ', म्हणजे बाकी राज्यातल्या सगळ्यांना. त्या 14 मधून आरक्षणाच्या, मुलींच्या, दिव्यांग आणि सैनिकांच्या मुलांच्या जागा वजा केल्या की खुल्या वर्गाला बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. आणि पुण्यासाठी सगळीकडून पोरं धावतात, म्हणून 'ओ'चा कटऑफ बहुतेक वर्षी 'एच'पेक्षा वर. सोलापुरातल्या कॉलेजांत यांच्या पोराला 70 टक्क्यांत जागा होती, तेही सांगितलं. तिकडे ते बघायला तयार नव्हते. त्यांचं तरी काय चुकलं? कंपन्या येतात कुठे, हे त्यांनाही कळतं.

हा कोटा काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. राज्यघटनेच्या 371(2) कलमात मराठवाडा-विदर्भाच्या तंत्रशिक्षणाची सोय लिहिलीय ती उगाच नाही. पण मेडिकलचा विभागवार 70:30 कोटा सप्टेंबर 2020 मध्ये निघाला तो मराठवाड्याच्याच तक्रारीवरून: आमच्याकडे कॉलेजं कमी, आणि बाहेर आम्ही 30 टक्क्यांत. आपलं कुंपण आपल्यालाच आडवं येतं ते असं. इंजिनिअरिंगच्या कुंपणाला तर फाटक आहे. अकरावीला पुण्यात खोली, मेस आणि क्लासची फी भरली की ते उघडतं.

मुलाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, तिथेच बसून बदलला. पुण्याच्या सीओईपीसारख्या राज्यस्तरीय जागा, जिथे होम आणि बाहेरचा हा भेद नाही, त्या वर घेतल्या, त्यांच्याखाली पुण्यातल्या 'ओ' जागा, शेवटी सोलापूर आणि सांगली. सांगलीही त्याला 'ओ'च, पण तिथे गर्दी कमी.

वडिलांनी पावतीची घडी घातली. "धाकटी दहावीला आहे. तिला अकरावीला पुण्यातच टाकू का, सर?"

मी हो म्हणालो.