खुर्ची

रागावण्यासारखं काही घडलं नाही, हे आधी लिहून टाकते. संकष्टी, त्यामुळे मी उपाशी, आणि ऊन लवकर तापलेलं. ठाण्याच्या खाडीवर मीठबंदरला सफाईसाठी पोचतेय तोच आमच्या गटाच्या कॅप्टनबाईंनी हातातले मोजे काढून घेतले आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "काकू, आज तुम्ही वही सांभाळा." सुरात काळजी होती. तीच झोंबली.

'आज' म्हणाली खरी. पण माझे गमबूट दोन मिनिटांत दुसऱ्याच कुणाच्या पायात गेले.

बसले. गोणी आली की ताणकाट्याला अडकवायची, आकडा लिहायचा. प्लास्टिक, कापड, काच, थर्माकोल. जन्मभर बँकेत रकानेच भरले, आता खाडीवर येऊनही तेच? घरीसुद्धा हल्ली "राहू द्या आई, मी करते" चाललेलं असतं. ते जाऊ दे.

पौर्णिमेच्या उधाणाने कचरा पार वरच्या तिवरांपर्यंत, म्हणजे खारफुटीपर्यंत फेकला होता. नवी पोरं जोशात ओढत होती आणि मला खुर्चीत बसवत नव्हतं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी उभी वर येतात, त्यांतूनच झाडाला हवा मिळते. पिशवी त्यांत अडकली की भरतीगणिक गाळाखाली दबत जाते. ती खेचायची नसते, मुळं मोडतात. कात्रीने उभी चिरायची, मग एकेका मुळावरून अलगद वर सरकवत सोडवायची, खाली निवटी, म्हणजे चिखलातली मासळी, असेल तर तिला पळायला सवड द्यायची. साडी असेल तर विचारूच नका. गाळ भरलेली साडी दोघांना उचलत नाही, जागेवरच तुकडे करावे लागतात. हे सगळं खुर्चीतून कसं शिकवायचं?

शेवटी ओरडलेच. "अरे खेचू नकोस, काप!" पोरगा थबकला. "बरं, आजी." काकूची आजी व्हायला एक गोणी पुरली.

काळजीच होती ना? मग मला काढून टाकल्यासारखं का वाटलं? रिकाम्या डोक्यात नको ते येतं. फ्लेमिंगो अभयारण्य इथून खाली, ऐरोली पूल ते वाशी पूल. 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये आजूबाजूचा पट्टा धरून 6,521 हेक्टर रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. आमचा तुकडा ऐरोली पुलाच्या अलीकडचा. रोहित, म्हणजे हेच फ्लेमिंगो, बघायला लोक ऐरोलीला बोटीत बसतात, इथे कॅमेरा घेऊन कोण येतंय! पण इथे राहिलेली पिशवी ओहोटीबरोबर त्या रोहितांकडेच जाणार. म्हणजे काम होतंय हे महत्त्वाचं, कोण करतंय हे नाही. नव्यांना हे मीच ऐकवते. ऐकवायला छान वाटतं.

हे असते तर म्हणाले असते... असो.

मग वेळ जाईना म्हणून वहीची मागची पानं उलटली. अरे देवा! कापडाच्या रकान्यात 'बरंच'. एके ठिकाणी 'खूपच'. एका रविवारी नुसतं 'बापरे'. अशा वहीची बेरीज कोण करणार? हसू आवरेना. तिथेच पट्टी मागून नवं पान आखलं. ओलं कापड आणि सुकं कापड वेगळं केलं, कारण निम्मं वजन पाण्याचं असतं आणि आपण उगाच फुशारतो. कॅप्टनबाई डोकावून "वा काकू" म्हणाल्या. मी उत्तर दिलं नाही, पण 'बापरे' कुणी लिहिलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

गुडघा मात्र संध्याकाळपासून अगदी गप्प आहे. त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

आत्ता ग्रुपवर विचारणा आलीये, पुढच्या रविवारी चिखलात कोण कोण उतरणार? पटापट अंगठे वर झाले. कुणी कालनिर्णय बघितलं नसावं. चेंदणी कोळीवाड्यातल्या अण्णांचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आज चतुर्थी, चार पाऊण तीन, तीनला भरती आणि सहा तासांनी ओहोटी, म्हणून सकाळी नवाच्या सुमाराला चिखल उघडा मिळाला. पुढच्या रविवारी एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. ऐन सकाळी भरती, तिवरं गळ्यापर्यंत पाण्यात. सगळ्यांनाच काठावर बसावं लागणार, आणि खुर्ची एकच आहे.

उपास पुन्हा माझाच.