रांगोळीच्या रेघेपुढची माती

आर्वी तालुक्यातील एका गावच्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवतो. फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदार काकांनी आपल्या जवळच्या गोल्फच्या तीन जुन्या काठ्या आणि डबाभर चेंडू शाळेला दिले, तेव्हापासून शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी-नववीची काही मुले मैदानावर सरावाला थांबतात.

नववीतली एक मुलगी त्यांत सर्वांत चिकाटीची. हातात जोर होता, नजर चांगली होती, तरी तिची काठी कधी चेंडूच्या आधीच मातीत रुतायची, तर कधी चेंडूच्या डोक्याला घासून जायची. माती आधी लागते म्हणून मी चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवत असे. तिला न शिवता चेंडू मारायचा. या साधनाने इतर मुले सुधारली होती. ही मुलगी मात्र टॉवेल चुकवण्याच्या धास्तीने ऐन वेळी अंगच वर उचलू लागली आणि चेंडू जमिनीसरसा सरपटत जाऊ लागला. महिनाभर मी हे चालू दिले, ही माझी चूक.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी टॉवेल बाजूला ठेवला. आमची काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि मनगटाला हिसका बसतो, म्हणून फावड्याने एक पट्टा खणून, पाणी शिंपडून मऊ केला. त्यावर रांगोळीची आडवी रेघ ओढली आणि चेंडू न ठेवता नुसती रेघेवरून काठी फिरवायला सांगितली. दहा वेळा फिरवून झाल्यावर पाहिले, तर माती खरवडल्याच्या खुणा रेघेच्या चार बोटे मागे होत्या. मग चेंडू ठेवून सात नंबरच्या काठीच्या पात्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला. ठसा पात्याच्या अगदी खालच्या कडेला उमटला. चेंडू आणि पाते जेमतेम अर्धा मिलिसेकंद एकमेकांना भिडलेले असतात. तेवढ्यात काय घडले, हे मारणाऱ्याला दिसत नाही आणि शिकवणाऱ्यालाही नाही. म्हणूनच वाट अडवणाऱ्या साधनापेक्षा खूण ठेवणारे साधन मला आता अधिक मोलाचे वाटते.

खुणांकडे बराच वेळ पाहून तीच म्हणाली, "सर, मी मांगच्या पायावरच राह्यते. बॉल वर उचला लागते ना?"

इतके दिवस मी तिचे हात पाहत होतो आणि दोष तिच्या समजुतीत होता.

"तू नको उचलू, पोरी. पातं तिरपंच आहे, ते उचलते."

त्या पात्याचा कल साधारण ३० ते ३४ अंशांचा असतो. खाली येणाऱ्या काठीने आधी चेंडू आणि मग माती घेतली, की चेंडू आपोआप हवेत जातो. मी तिला सुरुवातीपासूनच भार डाव्या पायावर घेऊन, उजवी टाच किंचित उचलून, अर्धेच फटके मारायला लावले. खुणा हळूहळू रेघेकडे सरकल्या. ऊन चढेपर्यंत ती थांबली नाही. शेवटी एकदा रेघेच्या पुढची माती निघाली, चेंडू बाभळीच्या शेंड्यावरून गेला आणि पात्यावरच्या पावडरीत मधोमध लहानसा गोल ठसा उमटला.

ती काठी तिने कोणाला पुसू दिली नाही. तशीच जपून धरून सुभेदार काकांना दाखवायला घेऊन गेली.