नावेच्या भाड्याची नोंद

‘जीप. जिल्ह्याचं गाव ते पाडा व परत. 212 किमी. कारण : सौर संचांची तपासणी.’ ऑक्टोबर 2019 ची ही ओळ मी लॉगबुकात तीनदा वाचली.

फेब्रुवारी 2022. सातपुड्यातल्या एका सरकारी कार्यालयाचं लेखापरीक्षण करायला आमची तिघांची तुकडी गेली होती. प्रवासाची देयकं माझ्याकडे होती. आदल्या संध्याकाळी चहा पिताना आमच्या गाडीचा ड्रायव्हर सहज बोलून गेला होता, “मॅडम, नर्मदेकाठच्या त्या पाड्यांवर आता गाडी जात नाही. धरण पूर्ण भरलं तेव्हा खालचा रस्ता पाण्यात गेला. नावेनंच जावं लागतं.” सरदार सरोवर 138.68 मीटरपर्यंत पहिल्यांदा भरलं ते सप्टेंबर 2019 मध्ये. आणि लॉगबुकातली जीप त्यानंतरच्या महिन्यात पाड्यावर पोचली होती. पुढच्या दोन वर्षांत ती आणखी सहा वेळा गेली, दर वेळी बरोबर 212 किलोमीटर.

डिझेल आणि दैनिक भत्ता धरून सातही फेऱ्यांची रक्कम साठ हजारांच्या आत होती. आमचे वरिष्ठ म्हणाले, “एवढ्यावर लेखापरीक्षण अहवालात परिच्छेद उभा राहत नाही. हाफ मार्जिन द्या, वसुली सुचवा आणि पुढचं रजिस्टर घ्या.” हाफ मार्जिन म्हणजे कार्यालयाकडे खुलासा मागणारी टिपणी. त्यांचंही चूक नव्हतं, हातात दिवसच मोजके असतात. पण प्रत्येक फेरीच्या कागदांना मागे एक दौरा अहवाल टाचलेला होता. सातही अहवालांत शेवटची ओळ एकच : ‘सर्व संच कार्यरत आढळले.’ देखभालीच्या नस्तीत शोधलं तर याच ओळीच्या आधारे ठेकेदाराला देखभालीचे हप्ते सुटले होते. म्हणजे प्रश्न डिझेलचा उरलाच नव्हता.

ज्या योजनेतून हे सौर संच बसवले होते ती साधी होती. जिथे तारा ओढणं परवडत नाही तिथे घरोघरी छपरावर पॅनल, आत बॅटरी, पाच एलईडी दिवे आणि एक पंखा द्यायचा. 2017 मध्ये केंद्रानं सौभाग्य योजना आणली तेव्हा दुर्गम घरांसाठी 200 ते 300 वॅटचा संच आणि पाच वर्षांची देखभाल असंच ठरवलं होतं. ही योजनाही त्याच धाटणीची. मी संयुक्त पाहणी मागितली. लेखापरीक्षकाला कागद मागवायचा अधिकार 1971 च्या कायद्यानं दिला आहे, पण कधी कधी कागद सोडून उठावं लागतं.

कार्यालयाचे कनिष्ठ अभियंता बरोबर आले. नावेत दीड तास इंजिनाच्या आवाजात कुणीच बोललं नाही. धक्का असा नव्हताच. नाव चिखलाला लागली आणि आम्ही चढण चढून पाड्यावर गेलो. आश्रमशाळेचे एक गुरुजी दुभाष्या म्हणून आले होते, कारण पाड्यावर बोलणं सगळं पावरीत.

पहिल्याच घरी एक आजी होत्या. छपरावर पॅनल जागेवर होतं, धुळीनं माखलेलं. आत कोपऱ्यात बॅटरीच्या पेटीवर बियाण्याचं गाठोडं, त्यावर रॉकेलची चिमणी. अभियंत्यांनी मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टची बॅटरी साडेदहाच्या खाली जाऊ द्यायची नसते, इथे काटा चारवर होता. झाकण उघडून मी मोबाइलचा टॉर्च आत मारला. पाणी आटलेलं, प्लेटा उघड्या आणि पांढुरक्या. डिस्टिल्ड वॉटरच्या दोन-तीन बाटल्या वेळेवर मिळाल्या असत्या तर ती बॅटरी जगली असती. ज्यांनी त्या घालायच्या, ते सात वेळा येऊन गेल्याचं माझ्या पिशवीतले कागद सांगत होते.

“आजी, दिवा किती दिवस लागला?” मी विचारलं.

गुरुजींनी उत्तर सांगितलं, “दोन होळ्या.”

“नंतर बघायला कोणी आलं?”

“बसवायला आले तेच. नंतर कोण नाही.”

31 घरं पाहिली. 9 घरांत दिवा लागत होता.

परत निघताना नावेतून मागे पाहिलं. खाली जे पाणी होतं त्यावर 1450 मेगावॉटचे जनित्रसंच चालतात आणि त्यातली 27 टक्के वीज महाराष्ट्राच्या वाट्याची आहे. त्यासाठी आपल्या राज्यातली 33 गावं बुडिताखाली आली. याच काठावरच्या घरांत चिमणी जळत होती. हे मला त्या दिवशी सहन झालं नाही, आजही होत नाही.

अभियंता हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, मी इथे पहिल्यांदाच आलोय. एका अहवालावर माझीही सही आहे. महिनाअखेरीला प्रगती अहवाल वर जायचाच असतो.” 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू न जाळणाऱ्या, वीजक्षमतेचं लक्ष्य देशानं जाहीर केलंय. वर जाणारी प्रगती अशाच सह्यांवर चढत असेल, तर दिल्लीतल्या तक्त्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

सरकारी प्रवासखर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे परदेश दौरे येतात, बातम्याही त्यांच्याच होतात. पण विमानप्रवासाला तिकीट असतं, बोर्डिंग पास असतो. जीपच्या फेरीला साक्षीदार एकटं लॉगबुक, आणि ते लिहिणारा स्वतःच प्रवासी. म्हणून मला वाटतं, दौऱ्याच्या देयकात पैशापेक्षा आधी माणूस तिथे पोचला का हे पाहावं.

त्या रात्री विश्रामगृहात मी माझं स्वतःचं प्रवास देयक भरलं. रेल्वे, भाड्याची गाडी आणि त्याखाली नावेचं भाडं. नावेची पावती मिळत नाही, म्हणून नावाड्याच्या सहीचा कागद जोडला.

परिच्छेद झाला. वर्षभरानं कार्यालयाचं अनुपालन, म्हणजे काय कारवाई केली याचं उत्तर, आलं : फेऱ्यांची रक्कम वसूल, ठेकेदाराचा पुढचा हप्ता रोखला, बॅटऱ्या बदलण्याचे आदेश दिले. आदेश दिले होते, पण बदलल्या असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. परिच्छेद वगळण्याची त्यांची विनंती मी मान्य होऊ दिली नाही. उलट टिपणी पाठवली : पाड्यावर जाऊन कोणी पाहिलं, कोणत्या तारखेला, आणि नावेच्या भाड्याची नोंद कुठे आहे?