काठी बाहेर ठेवून आलेले नाना

नोव्हेंबरात माझ्या टेबलापुढे माजी सैनिकांची रांग असते, हयातीच्या दाखल्यासाठी. मी लष्करात क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आणि पाटण तालुक्यातल्या पेन्शनरांची कागदपत्रं बघतो. त्या दिवशी शहात्तर वर्षांचे एक नाना आले. काठी दाराबाहेर टेकवून, लंगडत.

अंगठा लागला, दाखला झाला. सवयीप्रमाणे त्यांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, चाळला आणि थबकलो. अपंगत्व अजून २० टक्केच! पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग या टक्केवारीवर ठरतो. १९७६ साली नागालँडमध्ये ड्यूटीवर गाडी दरीत गेली, गुडघा कायमचा ताठला, मेडिकल बोर्ड आऊट झाले, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने अपात्र ठरवून नोकरीतून घरी पाठवलं. अशा माणसाचे ५० टक्क्यांखालचे सगळे ५० धरायचे, असं सरकारने २००१ मध्ये ठरवलं. तेव्हा ते १९९६ नंतर बोर्ड आऊट झालेल्यांपुरतं होतं; २०१० च्या पत्राने जुन्यांनाही मिळालं.

"नाना, अर्ज का नाही केला?"

"पोरगं लय मागं लागलं हुतं. म्या न्हाई करू दिला. सायेब, फाईल उघडली की बोर्डाला बोलावत्यात."

मग कळलं. पूर्वी ठरावीक वर्षांनी रिसर्व्हे बोर्ड व्हायचा, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी पुन्हा तपासायचे. नाना रात्रीच्या एसटीने पुण्याला जायचे, लष्करी इस्पितळात सकाळपासून बसायचे. सुरुवातीचे ४० टक्के पुढच्या बोर्डाला ३० झाले. त्यानंतरच्या बोर्डात समोर कर्नलसाहेब होते.

"म्या सावधान झालो. गुडघ्यात कळ मारत हुती, पर सायबाम्होरं वाकडं कसं हुबं ऱ्हायचं?"

त्या दिवशी २० झाले. विसाच्या खाली गेलं की अपंगत्वाचा भाग बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक. हातचं जाऊ नये म्हणून एवढी वर्षं हक्काचं मागितलंच नाही. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. हे बोर्ड ७ फेब्रुवारी २००१ च्या पत्राने बंद झालेत. कायम स्वरूपाच्या अपंगत्वाची ठरलेली टक्केवारी जन्मभराची. जवानाने स्वतः मागितली तरच फेरतपासणी. चोवीस वर्षांत एवढं एक वाक्य त्यांच्या घरापर्यंत कुणी पोचवलं नाही. त्यात मीही आलो. गेली सहा वर्षं ते माझ्याच टेबलावर अंगठा लावून जात होते.

पत्राची प्रत काढून मराठीत सांगितलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. अर्जात मी मुद्दाम वेगळी ओळ घातली: 'फेरतपासणीची मागणी नाही, फक्त टक्केवारीची सुधारणा व थकबाकी द्यावी.' त्या ओळीवर बोट ठेवून नानांनी विचारलं, "ही वळ ऱ्हाईल न्हवं?" मग सही केली.

दुरुस्त पीपीओ अजून आलेला नाही. तोवर मी जुन्या वह्या काढल्यात. १९९६ च्या आधी बोर्ड आऊट झालेले, २०-३० वर अडकलेले आणखी कोण आहेत ते बघतोय. काल दोघं सापडले. एक कोयनेच्या वरच्या वाडीतले आहेत, अंथरुणाला खिळलेले. रविवारी त्यांच्याकडे जायचंय.